गरोदरपणात तळ्यातला मासा द्यावा का?

तुम्ही विचारलंय की बायकोला सातवा महिना आहे, डॉक्टरांनी मासे खायला सांगितलेत, पण पाळलेल्या माशात शिसं-पारा असतो असं ऐकलंय. मग रोहू-कटला द्यावा का?

द्या. फक्त मासा कुठल्या पाण्यात वाढला आणि त्याला काय चारलं, हे विचारून घ्या. मी इंदापूर तालुक्यात नऊ वर्षं रोहू, कटला, मृगळ पाळतोय.

पाऱ्याची धास्ती रोहू-कटल्याच्या बाबतीत फारशी नको. माशाने मासा खाल्ला, त्याला आणखी मोठ्याने खाल्लं, असा पारा साठत जातो. म्हणून मोरी (शार्क), तलवार मासा या दिवसांत टाळाच. शिजवून पारा जात नाही. कटला पाण्यातले सूक्ष्म जीव खातो, रोहू मुख्यतः शेवाळ-वनस्पती.

शिसं, कॅडमियम, क्रोमियम मात्र खाद्यातून आणि पाण्यातून येतात. ढाक्याच्या हजारीबागमध्ये क्रोमियम लावून कमावलेल्या कातड्याचे तुकडे उकडून, वाळवून, दळून कोंबड्या-माशांच्या खाद्यात प्रथिन म्हणून घालत. २०११ मध्ये तिथल्या हायकोर्टाने असं खाद्य बनवणारे कारखाने बंद करायला सांगितलं. असं का होतं ते मला कळतं, कारण आमचा निम्म्याहून जास्त खर्च खाद्यावर जातो. माझ्याकडेही एकजण स्वस्तातली गोणी घेऊन आला होता. तिच्यावर ना कंपनीचं नाव, ना प्रथिनाचं प्रमाण. दाणे छान तरंगत होते, वासही चांगला होता. पण धातू वासावर कळत नाही, म्हणून परत पाठवली. खाद्यात घालायच्या खनिज मिश्रणाचंही तेच. जस्ताच्या खनिजात कॅडमियम असतंच, त्यामुळे नीट शुद्ध न केलेलं झिंक सल्फेट वापरलं की ते खाद्यात उतरतं.

पाण्याचं म्हणाल तर आमच्या शेजारच्या उजनी धरणात पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा, भीमेतून येतं. माझं तळं बोअरच्या पाण्यावर आहे, आणि दर मे महिन्यात रिकामं करून मी गाळ उपसतो. धातू गाळात बसतात आणि मृगळ तळाशीच चरतो. म्हणून पाण्याची खात्री नसेल तर मृगळ घेऊ नका.

लॅबमध्ये तपासायचंच असेल तर शिशाची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे ०.३ मिलिग्रॅम आहे, त्याच्याशी ताडून बघा.

घरी मासा साफ करताना कल्ले आणि आतडी-काळीज (यकृत) टाकून द्या. मग पोट उघडं धरून बघा, मणक्याला आतून चिकटलेली काळपट लाल पट्टी दिसेल. ती माशाची किडनी. कॅडमियम सगळ्यात जास्त तिथे आणि काळजात साठतं. बरेच मासेवाले ती तशीच ठेवतात. सुरीच्या टोकाने खरवडून, वाहत्या पाण्याखाली अंगठ्याने घासून काढा. मुंडक्याचं कालवण बाळंतपणानंतर करा, आत्ता वहिनींना मधले तुकडे द्या.