ख्रिस्ती लोक सेवा करतात ती धर्मांतरासाठीच का? तुम्ही जवळून पाहिलेलं कुणी आहे का?

सगळ्यांबद्दल मला बोलता येणार नाही. माझ्या वडिलांना मात्र मी चाळीस वर्षं जवळून पाहिलं, तेवढंच सांगते.

पप्पा नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या कुष्ठरोग दवाखान्यात कामाला होते. डॉक्टर नव्हते. शिक्षण बेताचं, त्यानंतर कुष्ठरोगाचं प्रशिक्षण, आणि मग निवृत्त होईपर्यंत सायकलवरून गावोगाव फिरणं. बाजाराच्या दिवशी कडुनिंबाखाली टेबल मांडून बसायचे. लोक त्यांना 'चट्टेवाले साहेब' म्हणत. दंडावर किंवा पाठीवर फिकट चट्टा दिसला की समोरच्याला डोळे मिटायला सांगायचे, बॉलपेनचं टोक हलकेच टेकवायचे आणि विचारायचे, "कुठं लागलं? बोट ठेव." पोराला बोट ठेवता आलं नाही की पप्पा त्याच्या आईशी खालच्या आवाजात बोलायला लागायचे. घरात 'महारोगी' हा शब्द काढायची आम्हाला बंदी होती.

त्यांनी काम सुरू केलं तेव्हा डॅप्सोनच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाव्या लागत. 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेनं एकापेक्षा जास्त औषधं एकत्र द्यायची शिफारस केली. पुढे ती औषधं आमच्याकडे आली आणि ठरावीक मुदतीत माणूस बरा व्हायला लागला. पत्र्याच्या पाकिटातल्या त्या गोळ्या पप्पांनी आईला आणून दाखवल्या होत्या, सोन्याचा दागिना दाखवावा तशा.

पण औषधानं जंतू मरतात, मेलेली नस परत येत नाही. लोकांना वाटतं, या रोगानं बोटं झडतात. तसं नसतं. पायाला काही कळत नाही, म्हणून काटा रुतला तरी माणूस चालत राहतो, जखम चिघळते, हाडापर्यंत जाते. हातालाही चटका कळत नाही. रात्री झोपेत उंदीर बोट कुरतडून जातो आणि सकाळी रक्त बघून समजतं. आमच्या घरी मांजरीला पिल्लं झाली की ती कुणाकडे जाणार हे पप्पाच ठरवत. एकटा राहणारा पेशंट असेल त्याचा नंबर पहिला. पिल्लू सायकलच्या पिशवीत घालून न्यायचे.

पायांवर तर त्यांचा सगळा जीव. घाम येणं थांबलं की कातडी कोरडी पडते, भेगा जातात. म्हणून रोज अर्धा तास पाय घमेल्यातल्या पाण्यात बुडवून ठेवायचे, वजरीनं कडक कातडी हळूहळू घासायची, आणि पाणी आत राहावं म्हणून ओल्या पायालाच खोबरेल लावायचं. हे पप्पा स्वतः शेजारी घमेलं घेऊन, स्वतःचे पाय बुडवून दाखवत. पण पेशंटचे पाय ते स्वतः धूत नसत. लहानपणी मला ते कठोर वाटायचं. एकदा विचारलं तर म्हणाले, "मी आठवड्यातनं एकदा येतो. बाकीचे सहा दिवस कोण धुणार?"

येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण पवित्र गुरुवारी करतात. एका वर्षी चर्चच्या पाळकसाहेबांनी सुचवलं होतं, त्या दिवशीच्या उपासनेत तुम्ही चार पेशंटचे पाय धुवा, मंडळीला प्रभूची आठवण होईल. पप्पा माझ्या माहितीत कधी पाळकांना नाही म्हणाले नव्हते. त्या दिवशी म्हणाले. आपल्या पेशंटला सगळ्यांपुढे बसवून त्याचे पाय दाखवायला ते तयार नव्हते.

दुसरा वाद चपलेचा. बधिर पायांसाठी खास चप्पल असते. आत मऊ रबर, खाली कडक तळ, खिळा एकही नाही, आणि पाय कळत नसल्यामुळे ती निसटू नये म्हणून मागं पट्टा. पप्पांचा नियम होता, अंथरुणातून उठल्यापासून चप्पल पायात. आमच्या चर्चमध्ये मात्र सगळे चपला बाहेर काढतात. पेशंट चपलेसकट आत आले तेव्हा चर्चच्या पंचांपैकी एकानं बायबलमधल्या मोशेची गोष्ट काढली: जळत्या झुडपापुढे देवानंच त्याला सांगितलं होतं की जोडे काढ, ही पवित्र भूमी आहे. पप्पा म्हणाले, "मोशेच्या पायात काटा गेला असता तर त्याला कळलं असतं. यांना कळत नाही." पुढं कुणी हरकत घेतली नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. पप्पांची श्रद्धा झाकलेली नव्हती. पहाटे पाचला उठून शास्त्रपाठ, मग प्रार्थना. एक वही होती, तिच्यात पेशंटची नावं, आणि प्रार्थनेत ते एकेकाचं नाव घेऊन सांगत, अमक्याच्या उजव्या टाचेची जखम भरू दे, तमकीला सून दोन वेळा जेवायला घालू दे. अंथरुणात पडल्या पडल्या आम्ही ऐकत असू. कडुनिंबाखालच्या टेबलावर मात्र मी कधी पत्रक पाहिलं नाही. कुणी विचारलं, साहेब, तुम्हाला भीती नाही वाटत का, तर म्हणायचे, "माझ्या आजोबांना गावच्या विहिरीला शिवू देत नव्हते. शिवल्यानं काय होतं ते मला विचारा." आम्ही महारवाड्यातून ख्रिस्ती झालेलो. राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्यांना, म्हणजे आम्हाला, अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत, तेव्हा धर्मात मिळकत शोधणाऱ्यांना आमच्या घरी काही सापडलं नसतं.

या सगळ्याची किंमत आईनं मोजली. रविवारीसुद्धा कुणीतरी दारात जखम घेऊन उभा असायचा. बापाच्या कामामुळे माझ्या मोठ्या बहिणीची दोन स्थळं मोडली, तीही ख्रिस्ती घरांतली. आई म्हणायची, "तुमच्या वहीत आमची नावं कुठं आहेत?" तिचं चुकत नव्हतं. पप्पांनाही ते पटायचं, पण दारातला माणूस परत पाठवणं त्यांना कधी जमलं नाही.

त्यांचा एक पेशंट माळकरी होता. आम्ही त्यांना बाबाच म्हणायचो. बोटं वाकडी, गळ्यात तुळशीची माळ, आणि वारी चुकवायची नाही हा हट्ट. सुरुवातीला अनवाणी जायचे आणि पाय फोडून घेऊन परत यायचे. पप्पांनी वारी सोडा म्हणून एकदाही सांगितलं नाही. दरवर्षी मे महिन्यात त्यांना बोलवून घ्यायचे, कागदावर पाय ठेवायला लावून पेन्सिलीनं माप काढायचे आणि आषाढीच्या आधी नवी चप्पल तयार ठेवायचे. सोबत तेलाची बाटली आणि पाय वळवून तळवा बघायला एक छोटा आरसा. चर्चमधल्या एकानं टोकलं होतं, "तुम्ही त्याला पंढरपूरला पोचवताय." पप्पा माप काढत राहिले.

2011 साली पप्पा प्रभूघरी गेले. दफनाला गावोगावचे पेशंट आले होते, बाबाही होते. माती द्यायची वेळ आली तेव्हा लोकांनी चपला बाजूला काढल्या. बाबांच्या पायात तशाच. शेजारच्या कुणीतरी त्यांना हळूच सांगितलं, आता तरी काढा. बाबा म्हणाले, "साहेबांनी काढू नको म्हणून सांगितलंय." बोटं मिटत नव्हती, म्हणून दोन्ही तळव्यांच्या मधे दाबून त्यांनी माती उचलली आणि चपलेसकट कबरीच्या कडेला जाऊन ती सोडली.