इंदुरात जपानी व्हिडिओ गेमच्या कॅसेट खेळायच्यात? आधी वीज सांभाळा

बेत छान आहे, पण कन्सोल (गेम खेळायचं यंत्र) जपानहून घरी आल्याआल्या प्लग लावू नका. जपानी अ‍ॅडॉप्टर 100 व्होल्टचा असतो, आपल्या भिंतीत 230. थेट लावलात की अ‍ॅडॉप्टर जळालाच म्हणून समजा. महाराणी रोडवर 230 ते 100 व्होल्टचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मागा. एका कन्सोलला 100 व्हीए क्षमतेचा भरपूर होतो. प्रवासातला स्वस्त, हलका कन्व्हर्टर घेऊ नका. नुसतं पिन बदलणारं सॉकेट तर व्होल्टेज कमी करतच नाही.

मग कॅसेट:

– सुपर फॅमिकॉम (निन्टेन्डोचा जपानी कन्सोल) आणि त्याचीच युरोपी आवृत्ती सुपर निन्टेन्डो, दोन्हींच्या कॅसेटचा आकार सारखाच. एकाची कॅसेट दुसऱ्यात बसते, पण चालत नाही, कारण परप्रदेशाची कॅसेट अडवणारी आतली लॉक चिप वेगळी. अमेरिकी आणि जपानी चिप मात्र एकच. तिथे आड येतो तो फक्त प्लास्टिकचा आकार.
– फॅमिकॉमची (सुपर फॅमिकॉमच्या आधीचा जपानी कन्सोल) कॅसेट 60 पिनांची, त्याच्याच अमेरिकी आवृत्तीची, एनईएसची 72. आपल्याकडचे जुने पिवळ्या कॅसेटवाले टीव्ही गेम 60 पिनीच.
– गेम बॉयला (निन्टेन्डोचा हातात धरायचा कन्सोल) प्रदेशाचं बंधन नाही. सुरुवात इथूनच करा, माझं स्पष्ट मत आहे.

चित्र काळंपांढरं दिसलं तर कन्सोल बिघडला असं समजू नका. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीला एनटीएससी, म्हणजे जपानी पद्धतीच्या सिग्नलमधले, रंग कळत नाहीत. एव्ही केबलने दुसऱ्या टीव्हीवर लावून बघा.

कॅसेट चालेना म्हणून फुंकर मारू नका, थुंकीच्या ओलाव्याने पिना गंजतात. कानकाडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, काळं यायचं थांबेपर्यंत. पूर्ण वाळू द्या, मगच लावा.