दुकान उघडलंय, तू पुन्हा जा

चि. लेकीस, अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कोल्हापुरातलं व्हीनस कॉर्नरजवळचं आपलं पुस्तकांचं दुकान पुन्हा सुरू झाल्याचं कळताच तू धावत गेलीस आणि दहा मिनिटांत रिकाम्या हातानं बाहेर पडलीस. 'सर, ते दुकान राहिलंच नाही,' असं लिहिलंयस. मी परवाच जाऊन आलो. माझ्या मते तू फार लवकर निघालीस.

बदललंय खरं. सागवानी कपाटं गेली, लोखंडी रॅक आले. खालचे दोन कप्पे रिकामेच, आणि जिन्याखाली भाजीवाल्यांकडे असतात तसले प्लास्टिकचे क्रेट रचलेले. तुला ते ओकंबोकं वाटलं. पण पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि २०१९ ला व पुन्हा २०२१ ला राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. दुकानात काय झालं असेल ते तूच समज. साध्या कागदाचं पुस्तक भिजलं तर पंख्याखाली उभं करून, पानापानांत वर्तमानपत्र घालून निदान वाचण्यापुरतं वाचवता येतं. गुळगुळीत आर्ट पेपरची पानं मात्र एकमेकांना चिकटून वाळली की सुटतच नाहीत. पावसाळी हवेत दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, आणि इतक्या प्रती वाळत घालायला माणसं तरी कुठून आणायची? म्हणून आता चित्रांची, महागाची पुस्तकं सगळ्यात वर, आणि पाणी चढायला लागलं की माल भरून माडीवर न्यायला ते क्रेट. एवढं सोसून त्या घरानं पुन्हा पुस्तकंच विकायला घेतली. त्या जागी मोबाइलचं दुकान थाटलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती.

गल्ल्यावर आता मालकांची सून बसते. तिनं तुला ओळखलं नाही, हे तुला लागलं असणार. अगं, मालक तुला पाहताच तुझ्यापुढं पुस्तक सरकवायचे, ते तू शाळेपासून तिथं येऊन हे आहे का, ते आलं का म्हणून त्यांना भंडावलंस म्हणून! तिला ती संधी दे. अलीकडं काय वाचलंस, काय आवडलं नाही, ते तिच्याशी बोल. तिनं एखादं पुस्तक सुचवलं तर चार पानं चाळल्याशिवाय नको म्हणू नकोस.

आणि मागणी नोंदव. हे मी मुद्दाम सांगतोय. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजाराची, पुष्कळदा पाचशेचीच. कुणी न मागितलेल्या पुस्तकात दुकानदार पैसे अडकवून ठेवू शकत नाही. दोघा-तिघांनी एकच नाव विचारलं, की तो चार प्रती मागवतो, आणि त्यातली एखादी रॅकवर राहते. ती चौथी प्रत एखाद्या अनोळखी पोराच्या हाती लागते. तुझ्या हाती पहिला चांगला कवितासंग्रह असाच लागला होता.

ऑनलाइन स्वस्त मिळतं, हे मला ठाऊक आहे. तुझा पगार अजून बेताचा. हात आखडता असेल तेव्हा तिकडून घे, नाहीतर ग्रंथालयातून आण. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून त्यासाठीच उभं आहे. पण दुकानात उभं राहून पुस्तक चाळायचं, मुखपृष्ठाचा फोटो काढायचा आणि बाहेर येऊन फोनवरून दुसरीकडं मागवायचं, हे करू नकोस. तरुण मुलं सर्रास करतात आणि मला ते अजिबात पटत नाही. रॅकचं भाडं, दिव्याचं बिल, धूळ झटकणाऱ्या पोराचा पगार, सगळं त्या छापील किमतीवरच्या कमिशनातून निघतं. कागल-राधानगरीकडच्या गावांतली ग्रंथालयं अनुदानाचा हप्ता आला की यादी घेऊन येतात, तेव्हा मोठी विक्री होते. एरवीचे महिने तुझ्या-माझ्यासारख्यांवर चालतात.

शनिवारी संध्याकाळी जा, तेव्हा सुनेला बोलायला सवड असते. त्या नव्या कवयित्रीचा संग्रह मी वहीत लिहून आलोय, त्याखाली तुझंही नाव घाल आणि थोडे पैसे आगाऊ दे. प्रती आल्या की कळव, माझीही घेऊन ठेव.

तुझा,
सर