इन, ऑन की ॲट? जागा सांगताना नेमकं कुठलं वापरायचं?

आपला घोळ होतो तो आपल्या 'वर'मुळे. 'मी स्टेशनवर आहे' म्हणतो आणि सरळ ऑन द स्टेशन ठोकून देतो, तिथे ॲट द स्टेशन हवं, कारण फक्त ठिकाण सांगायचंय. गाव-शहर असेल तर इन, म्हणजे इन रत्नागिरी, इन मालवण. किनाऱ्यावर मात्र खरंच ऑन द कोस्ट.

आता गंमत बघा, दाभोळ-धोपावे फेरीबोटीत असाल तर ऑन द फेरी पण छोट्या होडीत बसलात की इन अ बोट, कारण फेरीवर उभं राहून फिरता येतं, होडीत नुसतं बसायचं (आणि भिजायचं). तसंच इन अ रिक्षा पण ऑन द बस. गणपतीत एसटीत पाय ठेवायला जागा नसली तरी ऑनच हां!