कोल्हापुरात फुटबॉलचं एवढं वेड आहे, पण भारताच्या संघाने आजवर खरंच काही मोठं जिंकलंय का?

हो, जिंकलंय. भारताने आशियाई क्रीडा स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्णपदक दोनदा मिळवलं: १९५१ ला दिल्लीत अंतिम सामन्यात इराणला १-० ने हरवून आणि १९६२ ला जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून. पेठेतल्या तालमीचा झेंडा घेऊन शाहू स्टेडियमवर जाणाऱ्या पोरांना हे तोंडपाठ असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. त्याहून मोठी कामगिरी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची. नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, भारत ४-२ ने जिंकला आणि शेवटी चौथा आला. या सुवर्णकाळामागचा माणूस म्हणजे हैदराबादचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. १९६३ ला ते गेले आणि त्यांच्या तोडीचं पुन्हा कुणी मिळालं नाही. १९७० चं आशियाई कांस्यपदक हे त्या स्पर्धेतलं आपलं शेवटचं पदक. हे सगळे निकाल ऑलिंपिक आणि आशियाई स्पर्धांच्या नोंदींत आहेत.

मात्र एक लक्षात घ्या, त्या काळी संघ कमी असायचे. मेलबर्नला पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतल्यामुळे आपण न खेळताच पुढे गेलो, आणि १९६४ च्या आशियाई चषकात आपण उपविजेते ठरलो तेव्हा स्पर्धेत चारच संघ होते. अलीकडचं यश मुख्यतः दक्षिण आशियाई 'सॅफ' स्पर्धेतलं. २०२३ चं विजेतेपद नववं होतं. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक खेळून पुढे वरिष्ठ संघातही पोहोचला.