वाचकांचे प्रश्न : समुद्र पश्चिमेला आहेच, पण उतरायचे कोठून?

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघी मैत्रिणी दक्षिण गोव्यातल्या आगोंदहून रानातून चालत बटरफ्लाय किनाऱ्यावर जाण्यास निघालो होतो. लाटांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, तरीही गुरांच्या वाटांच्या जाळ्यात शिरून आम्ही एका कड्यावर पोहोचलो आणि तेथूनच परत फिरलो. येत्या डिसेंबरमध्ये पुन्हा जायचे आहे. वाट चुकू नये म्हणून काय करावे? व्हाळ (ओढा) धरून उतरल्यास किनारा हमखास मिळतो, असे एका परिचितांनी सांगितले. ते खरे आहे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : कड्यावरून परत फिरलात, हे फार चांगले केलेत. आपल्या किनारपट्टीवर समुद्राची दिशा शोधणे मुळीच अवघड नाही. अवघड असते ती उतरण्याची जागा सापडणे. आगोंदच्या या काणकोण तालुक्यात डोंगराच्या सोंडा थेट समुद्रात घुसतात, त्यामुळे आगोंद आणि पाळोळे यांच्यामधला उतार बहुतेक ठिकाणी खडकांवर संपतो आणि वाळूचा लहानसा तुकडा एखाद्या वळणात दडलेला असतो. लाटांचा आवाज कड्याखालूनही तितकाच जवळ वाटतो, म्हणून त्याच्या मागे जाऊ नये. व्हाळाचेही तसेच आहे. पाणी दहा-पंधरा फुटांची उडी सहज घेते, आपल्याला ती घेता येत नाही. शिवाय घळीतल्या शेवाळलेल्या दगडांवर पाय मुरगळला तर वर चढून येणेही कठीण होते. व्हाळ धरून उतरू नका, असेच मी आग्रहाने सांगेन.

खरे लक्ष द्यायला हवे ते फाट्यांवर. गुरांची वाट पायाशी मोकळी दिसते, पण कमरेच्या वर झुडपांनी बंद होत जाते, वारंवार फुटते आणि पुन्हा जुळते. माणसांच्या वाटेवर खांद्याच्या उंचीवरील फांद्या कोयत्याने तोडलेल्या असतात आणि त्यांचे तिरके काप जवळून पाहिल्यास स्पष्ट ओळखता येतात. चढउतारावरचे जांभे दगडही पावलांनी झिजून गुळगुळीत झालेले असतात. अशा खुणा पाच-दहा मिनिटे दिसल्या नाहीत, तर आडवे रान तुडवून पुढे वाट शोधण्यापेक्षा शेवटच्या फाट्यापर्यंत परत जावे. प्रत्येक फाट्यावर क्षणभर थांबून मागे वळून पाहावे आणि मोबाईलवर एक छायाचित्र घ्यावे, कारण परतताना तीच जागा उलट्या बाजूने अगदी अनोळखी दिसते.

परिसराचा नकाशा घरीच मोबाईलमध्ये उतरवून ठेवा. नेटवर्क नसले तरी जीपीएस चालते. मात्र दाट झाडीखाली आपला ठिपका इकडेतिकडे सरकतो, म्हणून तो मोकळ्या जागी येऊन तपासावा. चाललेल्या वाटेची नोंद निघाल्यापासूनच सुरू ठेवावी, म्हणजे परतीचा मार्ग हाताशी राहतो. पॉवर बँक बरोबर हवीच. मोबाईल बंद पडलाच तर सूर्य आहे: डिसेंबरमध्ये दुपारी साडेबाराच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला असतो, पण मावळतो तो पश्चिमेच्या चांगलाच दक्षिणेकडे सरकून, त्यामुळे मावळत्या सूर्याला नेमकी पश्चिम समजल्यास दिशा चुकते.

त्या दिवसांत सहाच्या थोडे पुढे सूर्यास्त होतो आणि झाडीत त्याआधीच अंधारते. म्हणून सकाळी लवकर निघा आणि किनारा गाठला असो वा नसो, परत फिरण्याची वेळ आधीच ठरवून ती पाळा. निघण्यापूर्वी काजूच्या बागेत काम करणारे कोणी भेटले, तर “ही वाट कुठे जाते?” असे मोकळेपणाने विचारा, “ही वाट किनाऱ्यावरच जाते ना?” असे विचारल्यास माणसे सौजन्यापोटीही हो म्हणतात. घरच्यांना मार्ग आणि परतण्याची वेळ सांगून ठेवा. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे, परंतु दरीत रेंज मिळेल असे गृहीत धरू नका.

प्रश्न : अशा किनाऱ्यावर पोहोचल्यावर खडकांवरून चालत शेजारच्या किनाऱ्यावर जाता येईल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : असा बेत आखू नये. ओहोटीला मोकळे दिसणारे खडक भरतीत बुडतात आणि माणूस दोन्ही बाजूंनी अडकतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण (मोठी भरती) असल्याने पाणी अधिक चढते, अष्टमीच्या सुमारास भांग (लहान भरती) असल्याने कमी. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते; मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून काणकोणचाही चांगला अंदाज येतो. चालत परतण्याइतकी ताकद उरणार नाही असे वाटत असेल, तर पाळोळ्याच्या किंवा आगोंदच्या होडीवाल्याशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा आणि त्याच्याकडून होडी किनाऱ्याला लागण्याची वेळ पक्की करून घ्या.