म्युनिकवर लिहिताना

प्रिय विद्यार्थिनी,
अनेक आशीर्वाद.

सप्टेंबर १९३८ च्या म्युनिक करारावरचे, म्हणजे चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन हा सीमेवरचा जर्मनभाषक प्रदेश हिटलरला देऊन टाकणाऱ्या करारावरचे, तुझे टिपण दोनदा वाचले. ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन भित्रा होता, या एका वाक्यावर तू सारा डोलारा उभा केला आहेस आणि तेवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. आधी एक लहानशी सूचना करतो. युद्ध टाळण्यासाठी हिटलरच्या मागण्या मान्य करत जाण्याच्या धोरणाला तू ‘तुष्टीकरण’ म्हटले आहेस. हा शब्द आपल्याकडे वेगळ्याच वादांत झिजला आहे, म्हणून तू ‘अनुनय’ म्हण. त्या काळच्या लंडनमध्ये या धोरणाला लाजिरवाणे मानत नसत. व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर अन्याय केला आणि तो बोलणी करून दूर करता येईल, असे पुष्कळ विचारी माणसांना प्रामाणिकपणे वाटत होते. पहिल्या महायुद्धातल्या मृतांची आठवण घराघरांत ताजी होती. जर्मनीने चेकोस्लोव्हाकियावर चाल केली, तर त्या देशाला वाचवता येणार नाही, असे ब्रिटिश सेनाप्रमुखांनी मार्च १९३८ मध्येच सरकारला कळवले होते. हे सारे मांडल्याशिवाय दोषारोप करू नकोस, कारण १९३९ मध्ये काय झाले हे तुला ठाऊक आहे, त्यांना नव्हते.

दोष मला दिसतो तो दुसरीकडे. जर्मनीतल्या गोडेसबर्गला चेंबरलेनशी झालेल्या भेटीत २२ आणि २३ सप्टेंबरला हिटलरने मागण्या वाढवल्या, तेव्हा ब्रिटिश मंत्रिमंडळाला त्या असह्य वाटल्या आणि चेक सरकारने सैन्य जमवले. आठवडाभरात म्युनिकला ज्या करारावर सह्या झाल्या, त्यात सुडेटन प्रदेशाचा ताबा १ ऑक्टोबरला एकदम घेण्याऐवजी १ ते १० ऑक्टोबर या काळात टप्प्याटप्प्याने घ्यायचा, हा मुख्य फरक होता. इतर सवलती कागदावरच राहिल्या. त्या दहा दिवसांच्या मोबदल्यात काय दिले गेले, हे नकाशा उघडून पाहा: सीमेवरचे डोंगर आणि त्यांत खपून बांधलेली तटबंदी. ज्यांचा हा प्रदेश होता, त्यांच्या दोन प्रतिनिधींना बैठकीत प्रवेशच नव्हता. ते हॉटेलात ताटकळत राहिले आणि मध्यरात्र उलटल्यावर चेंबरलेन आणि फ्रान्सचे पंतप्रधान दालादिए यांनी त्यांना निर्णय ऐकवला. फ्रान्स तर चेकोस्लोव्हाकियाचा करारबद्ध मित्र होता. चेकोस्लोव्हाकिया आणि सोव्हिएत संघ यांच्या १९३५ च्या करारानुसार फ्रान्सने मदत केली तरच सोव्हिएत मदतीचे बंधन लागू होत असे, त्यामुळे पॅरिसने हात काढून घेताच ते बंधनही निष्प्रभ झाले, आणि मॉस्कोला म्युनिकचे आमंत्रणही नव्हते. पुढच्या ऑगस्टमधल्या जर्मन-सोव्हिएत कराराचा विचार करताना ही रिकामी खुर्ची विसरू नकोस, जरी त्या कराराची कारणे एवढ्यावर संपत नाहीत.

तेव्हा पुढच्या मसुद्यात चेंबरलेनच्या स्वभावाला एक परिच्छेद पुरे. उरलेली जागा प्रागला दे. १५ मार्च १९३९ रोजी जर्मन सैन्य तिथे शिरले, त्याबरोबर चेक शस्त्रकारखानेही हिटलरच्या हाती गेले, आणि त्या कारखान्यांतले रणगाडे मे १९४० मध्ये जर्मन तुकड्यांबरोबर फ्रान्समध्ये उतरले.